सिंधूताईच्या सात बरण्या

भाऊरावचे डोळे माझ्या बिडीनं गेले. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे, आणि चार वर्षं मी ते कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

आमचं गाव सोनाळ्याच्या खाली, पूर्णेच्या बाजूला. खारपाण पट्टा. कुठंही विहीर खणा, पाणी लागतं ते मिठाचंच. साऱ्या शिवारात एकच गोडी विहीर, नारायणरावांच्या मळ्यात, गावापासून मैलभर. पाहुणा आला तर त्याला चहा नंतर, आधी गोड्या विहिरीचं पाणी. आमच्याकडे तोच मान.

गावात वीज आली नव्हती. पण कडूबाची पिठाची गिरणी होती, आणि तिच्या इंजिनाच्या पट्ट्यावर भाऊरावनं एक डायनामो जोडला होता. भाऊराव बौद्धवाड्यातला. पलटणीच्या कारखान्यात बॅटऱ्यांचं काम शिकून आलेला. गिरणी चालू असेपर्यंत त्याचा डायनामो फिरे, आणि शेजारच्या खोलीत फळीवर ठेवलेल्या बॅटऱ्या भरत राहत. ट्रकच्या, रेडिओच्या, आणि एक माझ्या जीपची. डिस्पोजलमध्ये, म्हणजे पलटणीच्या जुन्या मालाच्या लिलावात घेतलेली ती जीप मी बाजाराच्या दिवशी भाड्यानं चालवत असे.

एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात मी बॅटरी न्यायला गेलो. भाऊराव म्हणाला, अजून दोन तास. मला दोन मिनिटं थांबायची सवय नाही. माझी आई म्हणायची, हा सातव्या महिन्यातच जन्माला यायला निघाला होता. मी चिडलो, फळीपाशी गेलो, झाकणं उघडी होती, आतून बुडबुड आवाज येत होता. भाऊराव वाकून पाहत होता. त्याच्या पाठीमागं उभं राहून मी काडी ओढली.

बॅटरी भरताना तिच्यातून निघणारी हवा पेट घेते हे त्यानं मला दहादा सांगितलं होतं. धाडकन आवाज झाला. आतलं तेजाब त्याच्या तोंडावर उडालं. माझ्या सदऱ्याला चार भोकं पडली, बाकी काही नाही. पंचांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, ‘यानंच तार उलटी लावली.’ पंचांनी मान डोलावली, आणि विषय मिटला.

त्यानंतर ते काम त्याची बायको सिंधू शिकली. तो सांगे, ती करी. गावातली माणसं आधी हसली, मग मुकाट्यानं बॅटऱ्या आणून देऊ लागली. मी मात्र चार वर्षं त्या दारात गेलो नाही. माझी बॅटरी तालुक्याला नेऊन भरत होतो. तिथं एक जण जोर लावून दोन तासांत भरून देई. माझ्या स्वभावाला ते बरोबर होतं.

मग पासष्टच्या वैशाखात आशाबाईला कुत्रं चावलं.

आशाबाई म्हणजे माझी बायको. सकाळी शेण भरायला वाकली होती, तर भिंतीआडून आलं आणि पोटरीचा लचका तोडून गेलं. तोंडाला फेस, शेपूट पायात. दुपारपर्यंत त्यानं एक गाय आणि दोन बकऱ्या फोडल्या, आणि संध्याकाळी ते आपोआपच मेलं. पिसाळलेलं होतं यात आता शंका उरली नव्हती.

तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, ‘पोटात चौदा सुया. चौदा दिवस, रोज सकाळी दहाच्या आत. औषध बर्फातून एकदाच बाहेर काढतो. एक दिवस चुकला तर मी काही सांगू शकत नाही. आणि हा रोग एकदा उठला की त्याला औषध नाही.’

तालुका वीस मैल. एसटी आमच्या फाट्यावर यायची ती बारा वाजता. आशाबाईला तिथं धर्मशाळेत ठेवावं म्हटलं तर घरात माझी आई लकव्यानं पडलेली, आणि ती आशाबाईशिवाय कुणाच्या हातचा घास घेत नव्हती. ‘मी तिथं राह्यली तं हिकडं बुढी उपाशी मरीन. रोज नेऊन आना,’ आशाबाई म्हणाली. तिचा हेका मला ठाऊक होता.

पहिली सुई झाली. त्याच दिवशी बॅटरी तालुक्याला नेहमीसारखी दोन तासांत भरून घेतली. दुसऱ्या सकाळी जीप हूं की चूं करेना. बैलजोडी लावून वेशीबाहेर ओढत नेली तेव्हा कुठं पेट घेतला. दवाखान्यात पोचलो तर दहाला पाच कमी होते. आशाबाई घामानं निथळत होती. येताना मला कळून चुकलं की उद्या बैलही कामाला येणार नाहीत, कारण बॅटरी पार बसली की ठिणगीच पडत नाही. नवी बॅटरी अकोल्याहून मागवायची तर पंधरा दिवस. आणि माझ्याकडे दिवस होते बारा.

अडला हरी म्हणतात तसा मी गेलो. त्या म्हणीतलं गाढव कोण, ते मागाहून कळलं.

दुपारचा एक वाजला होता. गिरणीचं इंजिन फटफटत होतं. भाऊराव खोलीच्या उंबऱ्याशी स्टुलावर बसला होता, दोन्ही डोळ्यांच्या जागी जुनी कातडी ओढल्यासारखी. सिंधू आत एका बॅटरीची टोकं सोड्याच्या गरम पाण्यानं घासत होती.

‘सिंधू, ही बॅटरी भरून पाह्यजे. उद्या सकाळी निघाचं हाय,’ मी म्हणालो.

तिनं वर पाहिलं नाही. ‘पह्यले खिशातल्या बिड्या बाहेर त्या दगडावर ठेवा, शेषरावभाऊ. काडीपेटी बी.’

माझे कान तापले. पण ठेवल्या. भाऊरावनं मान माझ्याकडे वळवली.

मी आशाबाईचं सांगितलं. सिंधूनं हात पुसले, काचेची पिचकारी घेतली, बॅटरीच्या तीन कप्प्यांतलं तेजाब एकेक करून आत ओढून पाहिलं. त्या पिचकारीत एक कांडी तरंगते. तेजाबात दम असेल तर वर येते, नसेल तर बुडते. माझ्या बॅटरीत ती दगडासारखी तळाला गेली.

‘हिले किती दिवस रिकामी ठेवली होती?’

‘पावसाळाभर. जीप उभीच होती ना.’

‘अन् भरता कुठं?’

‘तालुक्याले. दोन घंट्यात देते थो.’

‘म्हूनच,’ ती भाऊरावला म्हणाली. ‘आतून पांढरी खपली धरली. अन् तापवू तापवू प्लेटीचा चुरा केला, सारा गाळ खाली बसला.’

‘निघतीन का बारा दिवस?’ मी विचारलं.

उत्तर भाऊरावनं दिलं. ‘आमी म्हनतो तसं वागले तं निघतीन. तुमच्या मनानं वागले तं चार बी नाई.’

त्या दिवसापासून मी त्या दोघांचा हुकुमाचा ताबेदार झालो. सकाळी जीप चालू करायची ती हँडल मारून. बटण दाबून सेल्फनं नाही, कारण सेल्फ एका घासात दिवसभराचं खाऊन टाकतो. हँडलनं एकदा माझं मनगट मोडलं होतं, ते मी सांगून पाहिलं. ‘मंग डाव्या हातानं मारा,’ सिंधू म्हणाली. हॉर्न नाही, दिवे नाहीत. दवाखान्यापुढं जीप उतारावर लावायची, म्हणजे घरंगळतच चालू होते. परत आलो की बॅटरी लगेच तिच्याकडे, भुकेली ठेवायची नाही, जेवण नंतर. मग एकपासून गिरणी बंद होईपर्यंत सावकाश भरणं. इतकं सावकाश की पाहणाऱ्याला वेड लागावं.

भाऊरावचा एक हात सारा वेळ बॅटरीच्या अंगावर असे. कोमट लागली तर ठीक, ऊन लागली की तो बोट वर करी आणि सिंधू मूठ फिरवून वीज कमी करी. भरत आली की आत बुडबुडे वाढतात. ते ऐकून तो सांगे, ‘झाली.’ मग ती कांडीवरचा आकडा पाही. बाराशे चाळीस. तो कधी चुकला नाही.

शेवटी पाणी. भरताना जे उडून जातं तेवढंच परत घालायचं, प्लेटी बुडतील इतकं, वर नाही. त्यासाठी कोपऱ्यात चिनी मातीच्या सात बरण्या होत्या, तोंडाला फडकं बांधलेल्या. तीन रिकाम्या झाल्या होत्या, चार भरलेल्या. पावसाळ्यात मोकळ्या आभाळाखाली पांढरं लुगडं ताणून ती पावसाचं पाणी धरी, आणि तेच वर्षभर थेंबाथेंबानं पुरवी. मी एकदा म्हणालो, ‘एवढ्याशा पान्याचं काय कवतिक? आमच्या गोड्या विहिरीचं घागरभर आनून देतो.’

तिनं कंदिलाच्या फुटक्या काचेवर दोन थेंब टाकले. एक बरणीतला, दुसरा गोड्या विहिरीचा, माझ्याच तांब्यातला. काच उन्हात ठेवली. बरणीचा थेंब वाळून नाहीसा झाला. आमच्या गोड्या पाण्याच्या थेंबानं पांढरं कडं सोडलं.

‘जिभेले गोड लागते ते. हिले नाई लागत,’ ती म्हणाली. ‘त्याच्यात खार हायेच. चमचाभर बी पडलं तं प्लेटी खाऊन टाकते.’

हे मी ऐकलं, समजलो, आणि घरी कुणाला सांगितलं नाही. बायकोला बॅटरीतलं काय सांगायचं, असा माझा हिशेब.

दिवस जात होते. सहा सुया, सात, आठ. आशाबाईच्या पोटावर निळे गोळे उठले, तिला वाकता येईना. रात्री ती पाण्याचा तांब्या हातात घेऊन नुसती पाहत बसे. पाण्याची भीती वाटायला लागली की रोग उठला, असं कुणीतरी तिला सांगून ठेवलं होतं. ‘नाई वाटत भेव,’ ती मला रोज सांगे. घोट घेऊन दाखवी. मी हसल्यासारखं करी आणि मला रडू येई.

आणि मी त्या खोलीत रोज पाच-पाच तास बसत होतो. वैशाखाचं ऊन, वर टिनाचं छत, घशाला कोरड. दाराशी त्यांचा रांजण होता, वर भांडं पालथं. मी पाणी मागितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. का, ते दोघांनाही माहीत होतं. माझ्या बॅटरीला त्यांच्या घरचं पाणी चालत होतं, मला चालत नव्हतं. तांब्या आणायला विसरलो त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत तहानलेला बसलो, पण मागितलं नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही तो असा.

बिडीचं सांगावं असं रोज वाटे. पण सांगितलं आणि तिनं बॅटरी उचलून बाहेर ठेवली तर? म्हणून गप्प राहिलो. आशाबाईच्या जिवाच्या आड मी माझी लबाडी लपवली.

अकरावी सुई झाली त्या दिवशी आशाबाई म्हणाली, ‘आज मी बी येतो त्या बाईकडं. एवढी राबून राह्यली माह्यासाठी, तिच्या हाती काई दिलं नाई.’ लंगडत लंगडत ती गोड्या विहिरीवर गेली आणि कळशी भरून घेऊन आली. बौद्धवाड्यातल्या बायकांना त्या विहिरीवर दोर टाकू देत नसत, हे मला जसं माहीत होतं तसं तिलाही होतं. म्हणूनच तिनं ती भेट निवडली असावी. आमच्यात याहून मोठा मान नाही.

मी बॅटरी फळीवर ठेवली, झाकणं उघडली आणि गिरणीत कडूबाशी बोलायला गेलो. सिंधू तेजाब जिरवायच्या खड्ड्यासाठी बाहेर चुनखडी आणायला गेली होती. भाऊराव उंबऱ्याशी स्टुलावर होता, गिरणीच्या फटफटीत आत काय चाललंय ते त्याला ऐकू येत नव्हतं. आशाबाईनं पाहिलं, तीन भोकं उघडी आहेत, पाणी खाली गेलंय. कोपऱ्यातल्या बरण्या पाहिल्या. या बाईचं साठवलेलं पाणी आपल्यापायी संपायला नको, असं तिच्या मनात आलं. आणि तिनं कळशी उचलली.

सिंधू आली, तारा जोडल्या. पाव तास झाला असेल. भाऊराव एकदम उठून उभा राहिला.

‘सिंधू, तारा काढ!’

‘काय झालं?’

‘वास येऊन राह्यला. हा आपला वास नोहे. नाकाले झोंबते. खार पडला हिच्यात.’

मी धावत आलो. सिंधूनं तारा ओढून काढल्या होत्या आणि ती कळशीकडे पाहत होती. आशाबाई हसतच म्हणाली, ‘मी टाकलं ना पानी. गोड्या विहिरीचं हाय, धुतल्या कळशीत आनलं.’ मग आमचे चेहरे पाहून तिचं हसू थांबलं.

माझं डोकं फिरलं. ‘अक्कल हाय का तुले? आपल्या हातानं मरन वढून घेतलं!’ मी तिच्या अंगावर धावलो. तिनं तोंडावर पदर घेतला.

‘तिच्यावर कायले वरडता?’ सिंधूचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा चढलेला ऐकला. ‘तुमाले मी काच दाखवली होती. तुमी घरी सांगतलं होतं?’

तीन सुया राहिल्या होत्या. दुसरी बॅटरी नाही, दुसरी गाडी नाही, आणि दोष पुन्हा एकदा माझा, आणि पुन्हा एकदा मी तो दुसऱ्याच्या अंगावर ढकलत होतो. ते मला सोसलं नाही.

‘भाऊराव,’ मी म्हणालो, ‘ती बिडी माही होती. तार उलटी नव्हती. मी पंचाले खोटं सांगतलं.’

गिरणी चालूच होती. आशाबाईनं पदर काढून माझ्याकडे पाहिलं. भाऊराव शांतपणे म्हणाला, ‘मले माहीत हाय. काडी वढल्याचा आवाज मी आयकला होता. तवा तिथं तुमच्याशिवाय कोन होतं?’

‘मंग चार वर्सं बोलला काऊन नाई?’

‘मी बोलावं अन् पंचानं आयकावं, असं कवा झालं?’

सिंधू मध्येच म्हणाली, ‘ते मागून बोला. अन् मले नोका सांगू, ज्याईले खोटं सांगतलं त्याईले सांगा. पह्यले ही उपडी करा. प्लेटी खाल्ल्या जाऊन राह्यल्या.’

बाहेर चुन्याच्या खड्ड्यात आम्ही बॅटरी उपडी केली. तेजाब फसफसत जिरलं. तिनं पहिली बरणी उचलली, फडकं सोडलं आणि सगळी बॅटरीत ओतली. हलवली, उपडी केली. मग दुसरी. मग तिसरी. मी तोंड उघडून पाहत होतो. थेंबाथेंबानं जपलेलं पाणी घोटाघोटानं खड्ड्यात जात होतं. तिसऱ्या खेपेचे दोन थेंब तिनं काचेवर टाकले, उन्हात धरले. डाग अगदी पुसट होता. ‘निंघलं,’ ती म्हणाली.

चौथ्या, शेवटच्या बरणीत नवं तेजाब कालवलं. पाण्यात तेजाब, हळूहळू. तेजाबात पाणी कधी नाही. मिश्रण इतकं तापलं की बरणीला हात लागेना. ते निवेपर्यंत भरायचं नव्हतं. मी म्हणालो, ‘तसंच टाक ना, येळ कुठं हाय?’ ती सरळ जाऊन भाऊरावशेजारी बसली. आम्ही दोन तास बसलो. त्या दोन तासांत मी हजारदा उठलो आणि हजारदा बसलो.

साडेचारला तारा लागल्या. सहाला कडूबानं हाक दिली, ‘दळन संपलं बाप्पा, गिरनी बंद करतो.’

‘अजून चार घंटे पाह्यजेत,’ सिंधू म्हणाली.

कडूबा चांगला माणूस, पण एका गोष्टीत अडेल. रिकामं जातं फिरवू नये, घराला दळभद्र येतं, हे आमच्याकडे पोरंही जाणतात. ‘डिझलचं काई नाई,’ तो म्हणाला, ‘पन माह्या बापानं कवा रिकामी गिरनी फिरवली नाई. दळन आना, रातभर चालवतो.’

मी आणि आशाबाई घरी गेलो आणि ज्वारीचं पोतं जीपशिवाय, पाठीवर घेऊन आलो. कडूबानं चाडीत ज्वारी ओतली आणि विचारलं, ‘बारीक दळू का जाडं?’

‘सावकाश दळ,’ मी म्हणालो. हा शब्द माझ्या तोंडून जन्मात पहिल्यांदा निघाला असेल.

तरी दिवे लागायच्या सुमारास माझा धीर सुटला. कांडी तळाशीच रेंगाळत होती. सिंधू पाणी प्यायला उठली तेव्हा मी विजेच्या मुठीकडे हात नेला. थोडीशी फिरवली तर कोण मरतंय? भाऊरावनं न पाहता माझं मनगट धरलं. तेच, मोडलेलं.

‘घाईनं भरलेली घाईनंच रिकामी होते, शेषराव,’ तो म्हणाला. ‘तुमच्या बायकोचा जीव हाय. म्हून सांगतो.’

त्याची पकड घट्ट होती. मी हात मागं घेतला.

ज्वारी संपली तेव्हा कांडीवर बाराशे दहा होते. ‘तारा काढून राहू द्या. सकाळपावतर धरून राह्यली तं आपली, नाई तं नाई,’ सिंधू म्हणाली.

सकाळी साडेपाचला आम्ही चौघं त्या पिचकारीवर वाकलो होतो. भाऊराव दिसत नसूनही वाकला होता. बाराशे पाच.

‘पाच उतरली फक्त,’ सिंधू म्हणाली.

आशाबाई जीपमध्ये बसली. मी डाव्या हातानं हँडल मारलं. एक, दोन, तीन. काही नाही. सेल्फचं बटण मला खुणावत होतं. उजवा हात लावला, मोडलेलं मनगट कळवळलं, आणि चौथ्या फेऱ्याला इंजिननं खाकरून पेट घेतला. मी रस्त्यात उभा राहून मोठ्यानं रडलो. लाज वाटली नाही.

बारावी झाली, तेरावी झाली, चौदावी झाली. रोज संध्याकाळी कांडी थोडी खालीच थांबे, पण सकाळी जीप चालू होई. डॉक्टर म्हणाले, ‘आता घाबरायचं कारण नाही.’ आशाबाईनं तिथंच नळाखाली ओंजळ धरली आणि पोटभर पाणी पिऊन घेतलं.

पुढचा महिनाभर आम्ही त्या पोत्याचं, एकदम दळल्यानं कडवट झालेलं पीठ खाल्लं. एवढंच माझ्या वाट्याला आलं. सिंधूच्या वाट्याला काय आलं ते मला जेठात कळलं. बरण्या रिकाम्या, बॅटऱ्यांत घालायला पाणी नाही, म्हणून तिनं खोलीला कुलूप लावलं होतं. सोनाळ्याच्या बाजाराला जाताना रस्त्याच्या कडेला ती खडी फोडताना दिसली. भाऊराव शेजारी बसून फोडलेली खडी हातानं चाचपून टोपल्यात भरत होता. मी जीप थांबवली नाही. थांबवून काय म्हणणार होतो?

त्याच आठवड्यात पंच चावडीवर बसले होते तेव्हा मी जाऊन बिडीचं सांगितलं. एक जण म्हणाला, ‘आता कायले उकरून काढतो बे?’ दुसरा हसला. मी पुन्हा एकदा, मोठ्यानं सांगितलं, आणि लिहून घ्यायला लावलं.

पाऊस लागला. पहिले दोन पाऊस आम्ही जाऊ दिले, त्यांत धूळ असते. तिसऱ्याला आशाबाईनं आपलं ठेवणीतलं पांढरं लुगडं अंगणात चार बांबूंना ताणून बांधलं आणि खाली परात ठेवली. पाच पावसांत बाजारातून आणलेल्या कोऱ्या सात बरण्या भरल्या. मी त्या जीपमध्ये गवतावर ठेवून, बैलगाडीच्या चालीनं त्यांच्या दारात नेल्या.

सिंधूताई बाहेर आली. हो, आता मी तिला ताई म्हणत होतो. अगं-तुगं तोंडात येईनासं झालं होतं. तिनं आभार वगैरे काही मानले नाहीत. कंदिलाची काच आणली, प्रत्येक बरणीतला एकेक थेंब टाकला आणि काच उन्हाच्या तिरिपेत ठेवली. आम्ही थांबलो. थेंब वाळायला वेळ लागतो.

‘डाग?’ भाऊरावनं स्टुलावरून विचारलं.

तिनं काच तिरपी करून पाहिली. ‘नाई. एक बी नाई.’

बरण्या कोपऱ्यात लागल्या. मी निघालो आणि दारातल्या रांजणापाशी थांबलो. ‘सिंधूताई, पानी द्या प्याले,’ मी म्हणालो.

तिनं पालथं भांडं धुतलं, रांजणात बुडवलं आणि माझ्या हातात दिलं.

मी तोंडाला लावलं. खारं होतं. इतकं खारं, की पहिला घोट घशाखाली ढकलावा लागला. त्या गावात जन्म काढूनही मला ती चव माहीत नव्हती. घरात सात बरण्या पावसाचं पाणी ठेवून ही दोघं वर्षानुवर्षं हे पीत होती. मी भांडं शेवटपर्यंत संपवलं आणि खाली ठेवलं.

‘सवय होते,’ भाऊराव म्हणाला.